खांबाखालची हाक

"'लाइन बंद आहे, चढ बिनधास्त.' तुझी ती हाक अजून कानात आहे, दादा."

ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायला आलेल्यांच्या बाकावर दोघे म्हातारे वायरमन बसले होते.

"काय दिवस होते. तू खांबावर गायला लागलास की तारेवरच्या साळुंख्या उडून जायच्या."

"शेवटचं गाणं अर्ध्यावरच राहिलं. मुख्य लाइन बंद, पण गिरणीचा जनरेटर तारेत उलटी वीज सोडत होता. झटका बसून पडलो, तेव्हापासून कंबरेतली ही नस पायापर्यंत ओढतेय."

"आता सोलरला यंत्र असतं. मुख्य लाइन गेली की ओळखतं, स्वतःची वीज क्षणात थांबवतं."

"आपलं यंत्र म्हणजे तुझा टेस्टर. त्यालाही कसं कळलं नाही, कोण जाणे."

"सुया दुखतात का रे?"

"मुंगी चावल्यागत. पण तू का येतोस दर वेळी? तुझी कंबर तर ठणठणीत आहे."

"टेस्टर मी त्या दिवशी घरी विसरलो होतो. लाइन न तपासताच तुला हाक दिली."