ताप आणि सूप

...आणि म्हणे, पुस्तक वाचा म्हणजे परदेश सोपा जातो! अहो, वाचलं ना. तुम्हाला सांगतो, दुकानात इस्त्री करता करता वाचलं, दोन गिऱ्हाइकांच्या कॉलरी करपल्या तरी वाचलं, पण माणसानं माणसाशी बोलावं असं एक धड वाक्य त्या पुस्तकात नाही हो, सगळी रडगाणी! माझी बॅग हरवली. माझं पाकीट मारलं. संडास तुंबलाय. पोलीस ठाणं कुठे आहे? मी हिला म्हटलं, अगं, आपण सुनेच्या माहेरी चाललोय की फिर्याद द्यायला? पण ही पडली वाचनालयात कामाला, छापलेल्या अक्षरावर हिचा नवऱ्यापेक्षा जास्त विश्वास. चष्मा वर सरकवून म्हणाली, "पुस्तकात तसं दिलंय, म्हणजे विचार करूनच दिलं असणार."

बरं, पुस्तक एक असतं तर गोष्ट वेगळी. नकाशांचं हिच्याकडे, चालीरीतींचं धाकटीकडे आणि बोलायचं माझ्याकडे. का? तर म्हणे, "बाबांना नाहीतरी बडबड आवडते." धाकटीनं घरात कायदाच लागू केला. "बाबा, चहाचा भुरका मारायचा नाही." का गं बाई? "पुस्तकात तसं दिलंय." अहो, भुरका नाही तर चहा प्यायचा कशाला, पाणी काय वाईट आहे... पण ते असो.

मुद्दा काय, तर गेल्या हिवाळ्यात आमचा थोरला तिकडे तापानं फणफणला. न्यूमोनिया. सून कामावर, आम्ही इथे फोनला कान लावून बसलेले, आणि विहीणबाई, ज्यांनी आम्हाला उभ्या जन्मात पाहिलं नाही, त्या बर्फातून चालत यायच्या, जिने चढायच्या आणि याला चमच्या-चमच्यानं सूप भरवायच्या. पोटच्या पोरासारखं! मला त्या बाईंना एवढंच सांगायचंय की, तुम्ही होतात म्हणून माझा मुलगा उठून बसला. थोरला म्हणतो, "मी सांगेन की, बाबा." अरे गाढवा, आभार काय दुसऱ्याच्या तोंडून मानतात? पुस्तकात 'धन्यवाद' आहे, नाही असं नाही, पण ते सुटे पैसे परत मिळाल्यावर म्हणायचं!

मग मी शक्कल लढवली. एक वाक्य उचललं 'दवाखान्यात' या धड्यातलं, दुसरं 'हॉटेलात'मधलं, दोन्ही जोडली आणि लागलो मोठमोठ्यानं घोकायला. बँकेतल्या बाई कपडे न्यायला आल्या होत्या, त्या माझ्याकडे बघत बघत बिनइस्त्रीचेच घेऊन गेल्या.

परवा व्हिडिओ कॉल लागला. समोर सून, थोरला आणि मधे विहीणबाई, केस नीट विंचरून बसलेल्या. मी खाकरलो आणि त्यांच्या भाषेत ठणठणीत म्हणालो, "माझ्या मुलाला ताप आहे. सूप उत्तम होतं."

थोरल्यानं कपाळाला हात लावला. धाकटी टेबलाखाली... आणि विहीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. कळलं हो त्यांना! सगळं कळलं! आणि मग त्यांनी मांडीवरून काय काढलं असेल? पुस्तक! आपल्या भाषेचं! अक्षरावर बोट ठेवत, अडखळत, मराठीत म्हणाल्या, "खोली... रिकामी आहे. आपण... किती रात्री राहणार?"

ही कोपरानं ढोसतेय, "अहो, बोला ना काहीतरी." मी घाईघाईनं 'हॉटेलात' उघडलं, डोळ्यांत पाणी, अक्षरं दिसेनात, दिसलं ते वाक्य हात जोडून, भरल्या आवाजात वाचून टाकलं. थोरला ओरडला, "बाबा! अहो, 'भाडं फार आहे, काही कमी करा' म्हणालात तुम्ही!"

आणि विहीणबाई? हसून हसून बेजार, पण हटल्या नाहीत. पान उलटलं, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "नाश्ता... त्यातच धरला आहे."

आता काय, निघालोय पुढच्या आठवड्यात. चहासुद्धा आवाज न करता पितोय... काय करणार, पुस्तकात तसं दिलंय!