टेप धरलेला माणूस

तनया : ...मला विचारलंसुद्धा नाही, श्री. मी हॉलवर गेले तेव्हा माझ्या चित्राच्या जागी भिंतीवर नुसता खिळा होता.

श्रीनाथ : प्रदर्शन भरवणारी ती मार्गारेट काय म्हणाली?

तनया : "सॉरी, लव्ह." काय म्हणणार बिचारी! प्रदर्शनाचा खर्च तुमची खाण करते. संध्याकाळी सहाला उद्घाटनाला तुमचा मॅनेजर येतोय. त्याला ते चित्र नकोय.

श्रीनाथ : माहितीये. सकाळी मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

तनया : तुला? चित्र मी काढलंय.

श्रीनाथ : पण नवरा त्यांच्याकडे नोकरीला आहे ना. "मेट, बायकोशी जरा बोल," म्हणाला. दोस्तासारखं हसत म्हणाला. तू हे काय करतेयस?

तनया : चित्राच्या तांब्याच्या प्लेटला शाई लावतेय. कागदावर दुसरा ठसा काढणार.

रेखा : अगं, तो शिफ्टवरून आत्ता आलाय, चहा तरी घेऊ दे त्याला. आणि या गॅरेजात कसला उकाडा! कालगुर्लीत माणसं राहतात कशी, देव जाणे. काढलं चित्र तर काढलं. ते कांगारूचं लाव की. छान आहे ते.

तनया : आई, कांगारूचं कुणीही लावेल.

रेखा : मग यात एवढं आहे तरी काय? बघू दे मला. चष्मा कुठाय माझा... हं. रस्ता आहे. उलटलेली गाडी. आणि ही गाढवाच्या तोंडाची माणसं कोण? हेल्मेट घातलेली?

तनया : मोजतायत. खाणीच्या गेटपासून गाडीपर्यंत टेप लावून.

रेखा : अगं बाई. म्हणजे ही श्रीच्या खाणीतल्या आपल्या हरमनची गाडी!

तनया : हो.

रेखा : माझ्या हातची पुरणपोळी खाऊन गेला होता. "आंटीजी, एक और." रात्रपाळीवरून घरी जाताना गाडी झाडावर आदळून गेला ना बिचारा?

तनया : झोप लागली त्याला. रात्रपाळीमागून रात्रपाळी. आणि कंपनी म्हणाली, अपघात आमच्या गेटच्या बाहेर झाला, आमचा संबंध नाही.

श्रीनाथ : तनया, कायद्याने ते बरोबर आहे.

तनया : म्हणूनच चित्र काढलं.

रेखा : थांबा, थांबा. टेपचं टोक धरलेला हा... हा तर आपला श्री आहे!

श्रीनाथ : काय? बघू.

रेखा : तुझं नाक आहे हे. तुझ्या बाबांचं नाक.

श्रीनाथ : तनया, हा मी आहे?

तनया : हो.

श्रीनाथ : भिंतीवर लावायच्या आधी एकदा सांगावंसं नाही वाटलं?

तनया : सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास. आणि मी कदाचित ऐकलं असतं.

श्रीनाथ : बाकी सगळ्यांना गाढवाची तोंडं. मला एकट्यालाच माणसाचं. का?

तनया : गेट ते गाडी अंतराचा नकाशा कंपनीला करून दिलास, त्या रात्री तू जेवला नाहीस.

रेखा : हे बघ तनया, चित्र चांगलं असेल, मला त्यातलं कळत नाही. पण घराचे हप्ते कोण भरणार? याची नोकरी गेली तर? आपण परक्या देशात आहोत गं.

तनया : मी नाही परकी. मतदान करते इथे.

श्रीनाथ : हे तुझ्या त्या गोयाचं वेड आहे. तो स्पॅनिश म्हातारा काढायचा गाढवं, त्याला काय जात होतं? त्याला माझ्यासारखी नोकरी नव्हती.

तनया : होती. राजाचा चित्रकार होता तो, राजाचाच पगार घ्यायचा. आणि रात्रीचा करडा रंग आणायला तांब्यावर राळेची पूड पसरून तापवायचा, मग ऍसिडात बुडवायचा, आत्ता मी करते तसंच. भोंदू साधू काढले, गाढव झालेले सरदार काढले. लढाईत माणसं कशी मारली तेही काढलं.

श्रीनाथ : आणि छापलं?

तनया : लढाईचं नाही. प्लेटा ठेवून दिल्या. तो गेल्यावर पस्तीस वर्षांनी लोकांपुढे आल्या.

श्रीनाथ : बघ! त्यालाही कळत होतं, कधी थांबायचं ते.

तनया : असेल. मी पस्तीस वर्षं थांबणार नाहीये.

रेखा : काय हट्टी आहे ही!

श्रीनाथ : बरं, निदान माझा चेहरा घासून टाक. तांबं घासता येतं, तूच म्हणाली होतीस.

तनया : येतं. हा घे स्क्रेपर. तू घास.

श्रीनाथ : मी?

तनया : चेहरा तुझा आहे. मी मधे येणार नाही. पुसला गेला की तसाच ठसा काढून देईन.

(श्रीनाथ स्क्रेपर घेतो, प्लेटवर वाकतो. स्क्रेपरचं टोक चित्रातल्या टेपवर थांबतं.)

श्रीनाथ : आम्ही टेपने मोजत नाही. जीपीएसने मोजतो.

तनया : माहितीये.

श्रीनाथ : मी म्हटलं होतं त्यांना. नकाशाबरोबर हरमनचं शिफ्टचं वेळापत्रकही रिपोर्टला जोडा. "तुझं काम अंतर मोजायचं," म्हणाले.

तनया : हे मला कधी बोलला नाहीस.

श्रीनाथ : कुणालाच नाही बोललो.

तनया : श्री, हरमनची बहीण आलीय पर्थहून. जसलीन. तिथे लागलेल्या प्रदर्शनाच्या पोस्टरवर चित्र बघून आली. मी गेले तेव्हा त्या खिळ्यासमोर उभी होती. तिने विचारलं, चित्र कुठे गेलं? तिला थांबायला सांगून मी इकडे आले.

रेखा : बहीण? एकटीच आलीय?

तनया : एकटीच. हॉलसमोरच्या बाकावर बसलीय.

श्रीनाथ : आत तर लावू देणार नाहीत.

तनया : आत नाहीच लावायचं. फूटपाथ काही खाणीचा नाही. हातात धरून उभी राहीन. येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल, तुझ्या मॅनेजरलाही.

श्रीनाथ : पोलीस बोलावतील.

तनया : बोलावू देत. प्लेट घरी आहे. एक ठसा काढून घेतला तर दुसरा काढीन.

श्रीनाथ : हा स्क्रेपर ठेव तिकडे. किती ठसे निघतील सहाच्या आत?

तनया : एकटीने, दोन. कुणी छापायच्या यंत्राचं चाक फिरवलं तर चार-पाच.

श्रीनाथ : सरक. मी फिरवतो.

रेखा : अरे श्री! कंपनीचा शर्ट आहे अंगात. तो तरी बदल.

श्रीनाथ : राहू दे आई. याच शर्टात उभा राहणार आहे.

रेखा : आणि त्यांनी काढून टाकलं तर?

श्रीनाथ : टाकतील कदाचित. वेळापत्रकाचं मी जसलीनला आजच सांगणार आहे. तिच्या वकिलाने विचारलं तर त्यालाही.

रेखा : तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंच आहे म्हणजे.

तनया : आई, तुम्ही घरी थांबा. बाहेर ऊन आहे.

रेखा : घरी थांबून काय करू? टीव्ही बघू? ती पोरगी तिथे बाकावर एकटी बसलीय. तिच्याशी बोलायला कुणी मोठं माणूस नको? मी साडी बदलून येते.

श्रीनाथ : आई...

रेखा : आणि माझ्याही हातात एक द्या. रिकाम्या हाताने नाही उभी राहणार मी.

तनया : हा आत्ता निघालेला घ्या. कडेने धरा, आई. शाई अजून ओली आहे.