मणीभिंत उजव्या हाताला

डिस्किट : मीठ कशाला सांडून ठेवलंयस चौरंगावर?

मोरुप : सांडलं नाही, मांडलंय. ही पांढरी रेघ म्हणजे तुझी धावायची वाट. ही वाटी आपलं घर. हा बटाटा म्हणजे हेलिपॅड. साडेतीन किलोमीटर, पावलापावलानं मोजलंय मी.

डिस्किट : आणि ही जर्दाळूची बी?

मोरुप : ती तू.

डिस्किट : बटाटा हेलिपॅडला दिलास ते बरं केलंस.

मोरुप : चेष्टा पुरे. डॉक्टरीणबाई काय म्हणाली? रोज अर्धा तास, दमानं धावायचं. साखर उतरली नाही तर सुई. तुझ्या डाव्या पायाची दोन बोटं आत्ताच बधिर झालीत. परवा निखारा पडला पायावर, तो तुला वास आल्यावर कळला!

डिस्किट : धावा म्हणे! इथं बाई धावली की लोक समजतात कोणीतरी मेलं. काल अंगणात दोन फेऱ्या मारल्या, तर शेजारचा इशे बादली घेऊन कुंपणावरून उडी मारून आला. आग कुठंय, आग कुठंय!

मोरुप : मग?

डिस्किट : मग काय, गाय सुटली म्हणून सांगितलं. बिचारा संध्याकाळपर्यंत शोधत होता.

मोरुप : आणि गाय?

डिस्किट : गोठ्यात. रवंथ करत.

मोरुप : म्हणूनच वस्ती टाळून वाट काढलीय. बघ. घरातून निघायचं, हेलिपॅडच्या कडेनं हलका हलका चढ. टेकाडावर पोचलीस की पुढं खडा उतार, पाय आपले आपण पळतील. खाली मणीभिंत, मग पाटाच्या काठानं घर. अशी वाट आमच्या पलटणीतही कोणी आखली नसेल.

डिस्किट : मणीभिंत कुठल्या हाताला येते?

मोरुप : अं?

डिस्किट : कुठल्या हाताला, सुभेदार?

मोरुप : डाव्या.

डिस्किट : शाबास! बावीस वर्षं सरहद्द राखली आणि डावं-उजवं कळेना. वाडवडलांनी एकेका दगडावर मंत्र कोरून भिंत रचली, आणि ती डावी टाकून मी रोज सकाळी उलटी फेरी मारू? साखर उतरेल आणि पाप चढेल!

मोरुप : भिंतीच्या पलीकडून जा मग. तिकडून उजवीच येईल.

डिस्किट : पलीकडची वाट रस्त्याच्या ठेकेदारानं खडी ओतून गाडलीय, तीन वर्षं झाली. देवाची वाट बुजवली तरी गावातल्या एका पुरुषाचं तोंड उघडलं नाही. कसं उघडेल? सगळ्यांचे ट्रक त्याच्याकडं कामाला. तूही गप्प बसलास.

मोरुप : मी अर्ज दिला होता.

डिस्किट : त्या अर्जावर मोमो ठेवून खाल्ले असतील साहेबानं.

मोरुप : बरं, भांडू नकोस. सोपं आहे. वाट हीच, फक्त उलट्या बाजूनं. आधी पाट, मग भिंत उजव्या हाताला, मग चढ, मग…

डिस्किट : मग? बोल ना.

मोरुप : मग टेकाडावरचं घर.

डिस्किट : आचेचं.

मोरुप : हो, तुझ्या थोरल्या बहिणीचं. आधीही ते वाटेत होतंच की.

डिस्किट : आधी उतार होता! तिच्या दारावरून मी सूंऽऽ करून निघून गेले असते, मान वळवायचं काम नव्हतं. आता तो छाताडावर येणारा चढ चढून नेमकी तिच्या उंबऱ्याशी माझी वाफ संपणार. मी याकासारखी धापा टाकणार आणि ती खिडकीतून बघणार. त्यापेक्षा नदीकडून जाते.

मोरुप : तिथं हॉटेलांच्या उकिरड्यावर तीस कुत्री आहेत.

डिस्किट : पाहुणे फोटो घेऊन जातात आणि हाडं आपल्याला ठेवून जातात. कुत्री परवडली.

मोरुप : नऊ वर्षं झाली, डिस्किट.

डिस्किट : झाली. आईचा पेराक, तो फिरोजे जडवलेला शिरपेच, थोरलीच्या डोक्यावर गेला. रीतच आहे, मी ब्र काढला नाही. आणि तिनं त्यातले फिरोजे एकेक उसवून व्यापाऱ्याला विकले! सहा पिढ्यांच्या बायकांनी मिरवलेले.

मोरुप : तिचा नवरा चंदीगडच्या दवाखान्यात पडला होता.

डिस्किट : मला माहीत नाही का? मी दगडांसाठी रडते असं वाटतं तुला? माझ्याकडं का नाही आली ती? मी गाय विकली असती, तुझी पदकं विकली असती! परक्यापुढं हात पसरला, आणि सख्ख्या बहिणीला बातमी कुठं कळली, तर पाणी भरताना!

मोरुप : पदकांचं कोणी काही देत नाही. मी विचारून आलो होतो.

डिस्किट : कधी?

मोरुप : तेव्हाच.

डिस्किट : आणि मला सांगितलं नाहीस. न सांगणारीच माणसं मिळाली सगळी माझ्या वाट्याला.

मोरुप : आता एक सांगतो. परवा वाट मोजत टेकाडावर गेलो, तर आचे दारात होती. नवरा गेल्यापासून एकटीच असते. पावलं कसली मोजतोस म्हणाली. सांगितलं.

डिस्किट : माझी साखर गावभर कर तू! काय म्हणाली?

मोरुप : म्हणाली, त्या चढाला डिस्किटला श्वास पुरायचा नाही. लहानपणीही पुरत नव्हता. मग आत गेली आणि बाक ओढत आणून दाराबाहेर ठेवला.

डिस्किट : बाक?

मोरुप : लाकडी. वर उशी पण टाकली.

डिस्किट : म्हणे पुरत नव्हता! शर्यतीत दर वेळी मी पुढं असायचे. खोटारडी कुठली.

(डिस्किट उठून कोपऱ्यातले नवे बूट पुढं ओढते.)

मोरुप : आत्ता निघालीस?

डिस्किट : मग काय, दुपारचा वारा सुटल्यावर, तोंडात वाळू घेऊन? दुसरे मोजे दे. ह्याला अंगठ्याशी भोक आहे.

मोरुप : बुटातलं भोक कोण बघतंय?

डिस्किट : आत बोलावलं तर बूट काढावे लागतील ना.