मुठीचं कव्हर

कामशेतच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघं पोरं बसली होती. एकाचा उजवा हात प्लास्टरात होता.

"शिदू, तुझ्या गाडीचा ॲक्सिलेटर मी घरीच खोलला. कवाधरनं जड लागत व्हता?"

"चार-पाच दिस. केबलला तेल सोडलं, तरी तसाच. आन् लोहगडच्या वळणावर पिळल्याली मूठ मागंच येईना."

"केबल चांगलीय. मुठीवरचं कापडी कव्हर आत सरकून अडाकलं व्हतं."

"आईनं शिवल्यालं?"

"व्हय."

"पहाटं दूध घालाया जातो, बोटं गारठत्यात म्हून जुनं लुगडं फाडून शिवलं तिनं."

"मग सांगायचं का मावशीला?"

"न्हाई. केबल तुटली म्हन."

तेवढ्यात शिदूची आई औषधं घेऊन आली.

"काय सापडलं का रं गाडीत, अमृत?"

"केबल तुटली व्हती, मावशी."

"तरी मी म्हनतच व्हते. शिदू, ती कव्हरं बी मळली आसतील. तुझा हात बरा होस्तवर गोधडीच्या कापडाची चांगली जाड शिवून ठिवते."

शिदूनं प्लास्टरातला हात जवळ ओढून घेतला.

"शिव, आये. पर डाव्या मुठीचंच शिव. उजवा हात माझा गारठतच न्हाई."