मापातला फेस

चहावरचा फेस फुंकू नका राव! मला तो मारुती शिंदीवाला आठवतो अन् डोकं फिरतं.

निजामाच्या राज्यात मी तहसीलदारसाहेबांचा खानसामा होतो. राणीसावरगावच्या मुक्कामी साहेबांच्या पाहुण्यानं बेल्जियमच्या कुठल्याशा खेड्यातल्या जुन्या भट्टीची बिअर आणली. बाटली एकच! "फेसासकट आणा," म्हणाला, "खरी मजा फेसातच हाय."

उघडायची मला लय भीती, म्हणून गावात शिंदीची दारू विकणाऱ्या मारुतीला बोलावलं. मी पेले पुसून येईस्तोवर ह्या बहाद्दरानं बाटली मडक्यात ओतली, वर आलेला फेस पळीनं काढून फेकला अन् उरलेली फडक्यातून गाळली.

"आरं, फेस कुठं हाय? माझी नोकरी गेली की!"

उलट तोच माझ्यावर उखडला. "मी इमानानं धंदा करायलोय. मापात फेस भरून गिऱ्हाईक फसवणारा मी न्हाई!"