पहिला घाव

वहिनी: इतक्या लवकर बाहेर? भावजी, मीटिंग संपली की तुम्हीच संपवलीत?

दीर: मीच. निघतो मी वहिनी. तुमच्या फर्मला माझा लांबूनच नमस्कार.

वहिनी: थांबा हो, आधी बसा इथे. हे मशीन खडखडतं फार, पण कॉफी बरी देतं. आपल्या घरचा माणूस पैसे मागायला आला की आपण मीटिंगबाहेर थांबायचं, हा इथला नियम. मघापासून या काचेच्या दारापुढे येरझाऱ्या घालतेय मी. बोला आता.

दीर: काय बोलू? नुकत्या जन्मलेल्या औषध कंपन्यांना दुसरं कुणी दारात उभं करत नाही, आम्हीच पैसे गुंतवतो, असं तुम्हीच म्हणायचात ना? म्हणून आलो. आणि इथे नुसती उलटतपासणी! जखमेचं मलम किती टिकतं, प्रयोगाचे उंदीर कुठले, उंदरांचं वय काय. त्या चष्मेवाल्या बाईंनी तर माझा आलेख उलटा धरून पाहिला.

वहिनी: गोड कुणी बोललं का?

दीर: छे! पाणीसुद्धा माझं मीच ओतून घेतलं.

वहिनी: कॉफी विचारली?

दीर: नाही.

वहिनी: वा! वा वा!

दीर: वा काय? उद्या लॅबला कुलूप लागायची वेळ आलीय, आणि तुम्हाला आनंद होतोय?

वहिनी: अहो, आमच्याकडे नकार द्यायचा असला की आधी कॉफी येते. मग तोंड भरून कौतुक. मग लिफ्टपर्यंत सोडायला येतात. तुम्हाला कुणी सोडायला आलं?

दीर: कोण येणार? मीच ताडकन उठलो ना!

वहिनी: का?

दीर: तुमचे ते मोठे डॉक्टर शेवटी म्हणाले, "ठीक आहे, तुम्हाला आधी एक घाव घालू." अस्सं तोंडावर! म्हटलं, दुसऱ्या कुणाला घाला. आणि लॅपटॉप मिटला.

वहिनी: अरे देवा! भावजी, घाव म्हणजे होकार!

दीर: काय?

वहिनी: टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही त्यांची लाडकी म्हण. ज्या प्रयोगात कंपनी बुडू शकते, तोच आधी करायचा, आणि खर्च आम्ही द्यायचा. तरली तर पुढचंही देतो. त्याला इथे सगळे 'पहिला घाव' म्हणतात. तोंडात इतकं बसलंय की नव्या माणसाला समजावून सांगायचंही राहून जातं.

दीर: मग घरी सांगायचं नाही का?

वहिनी: नियम! मीटिंगआधी अवाक्षर काढायचं नाही. बघा, अजून आतच आहेत सगळे. जा आणि हो म्हणा.

दीर: हं.

वहिनी: हं काय? हला की जागचे!

दीर: वहिनी, खरं सांगू? शब्द कळला नाही, पण प्रयोग कुठला ते बरोबर कळलं. म्हाताऱ्या, साखर वाढलेल्या उंदरांवर लावा म्हणाले. आम्ही आजवर तरुण, धडधाकट उंदरांवरच लावलं. त्यांची जखम झटपट भरते.

वहिनी: मलम लावलं नाही तर?

दीर: तरी भरते. थोडी उशिरा.

वहिनी: हे तुम्हाला ठाऊक होतं?

दीर: रोज ठाऊक होतं. रोज उद्यावर ढकललं. भीती वाटते हो मला. नानांच्या पायाची पट्टी बदलायला बसलो की ते विचारतात, "तुझं मलम कुठवर आलं रे?" मी म्हणतो, आलंच. प्रयोग फसला तर कुठल्या तोंडाने पट्टी बांधू त्यांना?

वहिनी: भावजी, नाना काय तरुण उंदीर आहेत?

दीर: असं काय बोलता!

वहिनी: बोलणारच. तुमचे वडील, तसे माझे सासरे. म्हातारे, साखरवाले, वर हट्टी. त्यांचा पाय वाचावा असं मलाही वाटतं. जे मलम त्यांना लागूच पडणार नाही, त्याची वाट बघत का बसवायचं त्यांना? वाईट असेल तर लवकर कळू दे. दुसरं काही शोधता तरी येईल.

दीर: हे फर्मच्या वतीने बोलताय की घरच्या?

वहिनी: घरच्या. फर्मच्या वतीने बोलायची आज मला बंदी आहे. जा आता. ती कॉलर नीट करा आधी.

(तो आत जातो. त्याची कॉफी मशीनवर निवत राहते. बऱ्याच वेळाने दार उघडतं.)

वहिनी: काय झालं? बोला ना पटकन!

दीर: म्हटलं, मघाशी चुकवला तो घाव, आता घाला.

वहिनी: खरंच असं म्हणालात?

दीर: डॉक्टरांना हसून हसून डोळे पुसावे लागले. म्हणाले, "घाव मागायला परत आलेला माणूस पहिल्यांदाच पाहिला." प्रयोगाचा सगळा खर्च त्यांचा. लॅबमधल्या दोघींना सांगतो आता, नवी नोकरी शोधू नका म्हणून.

वहिनी: आणि लिफ्टपर्यंत कोण आलं सोडायला?

दीर: काळं कुत्रंसुद्धा नाही! हलकं वाटतंय वहिनी. फसेलही कदाचित. पण फार हलकं वाटतंय. ही गार कॉफीसुद्धा गोड लागतेय.

वहिनी: मग आता नानांना फोन लावा. माझ्यासमोर, स्पीकरवर. नाहीतर पुन्हा 'आलंच' म्हणाल.

दीर: हॅलो नाना, मी बोलतोय. ऐका, मलम अजून आलेलं नाही.

नाना: ते मला ठाऊक आहे. पाय माझाच आहे.

दीर: आता म्हाताऱ्या उंदरांवर लावून बघणार आहोत. साखरवाल्या. जमेलच असं नाही, नाना.

नाना: म्हातारे? आणि साखरवाले?

दीर: हो.

वहिनी: नाना, रागावलात का?

नाना: नाही गं, राग कसला. त्याला सांग, त्यांची पट्टी जरा सैल बांध म्हणावं. फार आवळतो तो.