हरतालिकेला दुबईची रेती

तुम्ही हसाल, पण नदीतून रेती उपसण्याचा मला फार राग. दुबईला शिकत असताना शेवटच्या सहलीत जुना किल्ला पाहिला, वाळवंटात गेले आणि तिथली रेती डब्यात भरून रायपूरला आणली. हरतालिकेला आईला बजावलं, "यंदा पिंड हिचीच. खारून नदीची रेती घरात येणार नाही."

पण पिंड काही उभी राहीना. शेजारच्या काकू फुलं घेऊन ताटकळल्या होत्या. मी पाणी ओतत राहिले, ढीग घसरत राहिला.

"काहून जिद्द करून राहिली, पोट्टे?" काकू म्हणाल्या.

"अजून एकच तांब्या."

आई म्हणाली, "सकाळपासून माह्या घशाखाली थेंब नाही, अन् तुही रेती माह्यासमोर तांब्यावर तांब्या पिऊन राहिली."